एकसरला बेरीज

पंखा थांबला तेव्हा मी एक अंडं कानाला लावून उभी होते.

विसाव्या दिवशी अंडी बोलायला लागतात. कवच अजून शाबूत असतं, पण आतून अगदी बारीक चिवचिव येते. माझ्या हातातलं अंडं तानुबाईचं होतं. त्यावर पेन्सिलीनं ‘ता’ लिहिलेलं. करंजेवाडी आणि आसपासच्या वाड्यांमधल्या बायकांनी आपापल्या गावठी कोंबड्यांची अंडी महिला मंडळाच्या मशीनमध्ये उबवायला आणून दिली होती आणि प्रत्येकीची खूण निराळी होती. कुणाचं अक्षर, कुणाची फुली, लिहिता न येणाऱ्या एका आजीची चांदणी. अशी चौदाशे अंडी. उद्या पिल्लं बाहेर पडणार म्हणून पाचसहा बायका सकाळपासूनच येऊन बसल्या होत्या. मी एकेकीला तिचं अंडं ऐकवत होते.

मशीन म्हणजे माणसाच्या उंचीचं लाकडी कपाट. आत ट्रे, तळाशी हीटर आणि मागच्या फळीला पंखा. हीटर ऊब देतो, पंखा ती सगळीकडे सारखी पोचवतो आणि ताजी हवा खेळती ठेवतो. मी तेव्हा अठरा वर्षांची होते आणि ते मशीन माझ्या ताब्यात होतं. तापमान शंभर फॅरनहाइटच्या आसपास राखायचं, अंडी फिरवायची, ओल राखायला थाळीत पाणी घालायचं. याचा मला भलताच तोरा होता. खरं सांगायचं तर अजूनही आहे.

पंख्याचा आवाज बंद पडला आणि त्याजागी एक दाबलेली घूं-घूं ऐकू यायला लागली. मी झटकन बटण बंद केलं.

“काय झालं गं, मंदा?” कलावतीकाकूंनी विचारलं. काकू मंडळाच्या अध्यक्ष. मशीन गावात आणायचं म्हणून त्यांनी तीन वर्षं जिल्ह्याच्या कचेरीत चपला झिजवल्या होत्या.

“पंखा घुमतोय, पण फिरत नाही. आबांना बोलवा.”

आबा म्हणजे माझे वडील, यशवंत पांचाळ. पंचक्रोशी त्यांना ‘पंखेवाले आबा’ म्हणायची. गावात असा एक पंखा नव्हता जो आबांनी टांगलेला किंवा निदान एकदा खाली उतरवलेला नव्हता. ते समोरच्याच आळीत राहत, म्हणजे आम्हीच राहत होतो. ते पाच मिनिटांत पिशवी घेऊन आले. त्यांनी मागची फळी उघडली, आत हात घातला आणि सोड्याच्या बाटलीएवढा एक डबा बाहेर काढला. त्याचं बूड फुगलेलं होतं आणि कडेनं तेल पाझरत होतं.

“कंडेन्सर गेलाय,” ते म्हणाले. “मोटार धडधाकट हाय.”

“मग घाला की दुसरा,” तानुबाई म्हणाली. तानुबाईची जीभ म्हणजे गावाचं आकाशवाणी केंद्र. तिच्या कानावर पडलेलं संध्याकाळपर्यंत चार वाड्यांत पोचायचं.

“दहाचा लागतोय ह्यो. माझ्याकडं सगळं छताच्या पंख्याचं. अडीचचं. आन आज सोमवार. तालुक्याची सगळी दुकानं बंद.”

काकूंनी पुतण्याला मोटरसायकलवर बसवून तिथूनच सांगलीला पिटाळलं. पण तो परतेपर्यंत तीन वाजणार होते आणि आता साडेअकरा झाले होते.

मी हीटर बंद केला होता, तरी वरच्या ट्रेचा काटा चढतच होता. शेवटच्या दिवसांत अंडी स्वतःच गरम होतात, कारण आत आता जिवंत पिल्लं असतात. दार मिटलं तर ती उकडून गुदमरणार. दार उघडं ठेवलं तर आतली ओल उडून जाणार आणि ओल उडाली की पिल्लू आतल्या पापुद्र्याला चिकटून बसतं, त्याला कवच फोडता येत नाही. दोन्हीकडून मरणच.

“किती वेळ तग धरतील?” काकूंनी मला हळूच विचारलं.

“तासभर. फार तर दीड.”

काकूंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, पण त्या खचणाऱ्यातल्या नव्हत्या. “सुपं आणा गं,” त्या ओरडल्या. बायका पळाल्या आणि सुपं घेऊन आल्या. दार हातभर उघडून दोघी दोघींनी आत वारा घालायचा, मग दार मिटायचं, मग पुन्हा उघडायचं, असा खेळ सुरू झाला. मी थाळीत कोमट पाणी ओतत होते आणि थर्मामीटर बघत होते. एकशे एक. एकशे दोन.

आबा उंबऱ्यावर बसून डोकं खाजवत होते. एकाएकी ते उठले. “अडीच, अडीच, अडीच, अडीच,” त्यांनी चार बोटं मोजली. “दहा झालं की! चार पंख्यांचं चार कंडेन्सर जोडलं की झालं काम.”

हिशेब बरोबर होता. मला तेव्हा त्यांचं खरंच कौतुक वाटलं, कारण हे मला सुचलं नव्हतं.

आबा निघाले. ग्रामपंचायतीतला एक, दूध डेअरीतला एक, शाळेतले दोन. त्यांना कुठली शिडी कुठे ठेवलेली आहे हेसुद्धा ठाऊक होतं. वीस मिनिटांत ते चार कंडेन्सर घेऊन घामाघूम परतले. प्रत्येकाच्या दोन्ही तारांवर त्यांनी पान्याचं टोक टेकवून चट् करून ठिणगी काढली. बंद पडलेल्या कंडेन्सरलाही मेलेला समजायचं नाही, त्याच्या पोटातली वीज आधी काढून टाकायची, मग हात लावायचा, हा त्यांचा शिरस्ता.

मग त्यांनी तारा पिळायला घेतल्या. पहिल्याची एक तार दुसऱ्याला, दुसऱ्याची दुसरी तिसऱ्याला, तिसऱ्याची चौथ्याला. टोकाच्या दोन तारा मोटारीकडे. एकामागं एक, सरळ रांग.

मी बघत होते. तोंड उघडावंसं वाटलं आणि मी ते मिटलं. मिटण्याला कारण होतं, ते पुढं येईलच.

“असं एकामागं एक कशाला?” काकूंनी आपलं सहज विचारलं.

“बॅटरीत सेल कसं घालता, काकू? एकामागं एक. तवाच उजेड पडतो. जोराला जोर मिळाय पायजे.”

त्यांनी बटण दाबलं. घूं-घूं झाली आणि पातं जागचं हललंसुद्धा नाही. आबांनी काठीनं पात्याला धक्का दिला. ते आळसावल्यासारखं एक गिरकी घेऊन पुन्हा थांबलं. मागून वार्निश तापल्याचा वास यायला लागला.

“बंद करा!” मी ओरडले. त्यांनी बटण बंद केलं आणि मोटारीवर हात ठेवून चटकन मागे घेतला.

“तापली बया. एखादा कंडेन्सर कमजोर निघाला असणार,” आबा म्हणाले. “ताकद कमी पडतीया. अजून दोन जोडतो. देवळात दोन पंखे हायेत.”

आबा पुन्हा पळाले. घड्याळात सव्वाबारा वाजून गेले होते आणि काटा एकशे तीनवर होता. मी वरच्या ट्रेमधलं एक अंडं उचलून कानाला लावलं. मघाशी त्यातून चिवचिव येत होती, आता येत नव्हती. दुसरं लावलं. त्यातून येत होती, पण थांबत थांबत. हे मी कुणालाच सांगितलं नाही.

आबा आले. देवळातले दोन कंडेन्सर त्यांनी त्याच रांगेच्या शेपटाला जोडले. आता सहा झाले. सहांची ती लांबलचक रांग फळीवर आडवी पसरली आणि आबांचा हात बटणाकडे गेला.

“आबा, दाबू नका.”

“का गं?”

“अजून दोन लावून ताकद वाढायची नाही. उलट आणखी कमी झाली असेल. मोटार जळेल. मग सांगलीचा कंडेन्सर येऊनही उपयोग नाही.”

तानुबाई सूप हलवता हलवता थांबली. “घालंल तेवढं कमी व्हतंय व्हय? आमटीत पाणी ओतायलाय का तुजा बाप, पातळ व्हायला?”

बायका त्याही परिस्थितीत हसल्या. आबांना ते लागलं.

“मंदा, गप बस. तीस वर्सं हात काळं केलंत मी ह्या कामात.”

“तीस वर्षं तुम्ही कंडेन्सर बदललेत, आबा. एक काढून दुसरा लावलात. एकाला एक जोडायची वेळ आज पहिल्यांदा आली तुमच्यावर.”

एवढ्या बायकांसमोर बापाला असं बोलायची पद्धत नव्हती. काकूंनी डोळे मोठे केले. आबांचा आवाज खाली गेला, म्हणजे ते खरे रागावले होते. “आन तुला कुणी सांगितलं हे?”

आता इथं मला ते कारण सांगायला हवं.

दहावीपर्यंत आम्ही मराठीतून शिकलो. तारेचे रोध जोडायचा धडा होता, तेव्हा आमच्या गुरुजींनी वर्गाकडून एक ओळ घोकून घेतली होती. एकसरला बेरीज, समांतरला उलट. एकसर म्हणजे एकामागं एक, समांतर म्हणजे शेजारी शेजारी. ती ओळ आम्ही सुरात म्हणायचो. पुढे तालुक्याला मावशीकडे राहून मी सायन्सला गेले. गावातली सायन्सला गेलेली पहिली मुलगी. तिथं सगळं इंग्रजीतून. कळायचं नाही ते मी मनात मराठी करून घ्यायची. बारावीच्या फिजिक्सच्या पेपरात कंडेन्सरची दोन गणितं आली, एक सिरीजचं, एक पॅरललचं. मी मनात म्हटलं, सिरीज म्हणजे आपलं एकसर. एकसरला बेरीज! आणि खुशाल बेरीज केली. दुसऱ्या गणितात उलट केलं. कंडेन्सरचं रोधाच्या बरोब्बर विरुद्ध असतं हे मला पेपर देऊन बाहेर आल्यावर मैत्रिणीनं सांगितलं. दोन्ही गणितांचे मिळून आठ मार्क होते. मला अठ्ठावीस पडले. पस्तीसला पास.

दोन महिन्यांपूर्वी, निकालाच्या दिवशी, आबांनी गावाला सांगितलं, ऐन पेपरात पोरीला टायफॉइड झाला, पेपर अर्धा सोडून उठावं लागलं. मी मावशीकडे राहत होते म्हणून गावाला ते खपलं. मला त्यांनी विचारलं नाही आणि मीही त्यांना खोटं पाडलं नाही. अशक्तपणा जावा म्हणून कलावतीकाकू रोज मला एक अंडं उकडून द्यायच्या आणि मी ते मुकाट खात होते.

तर आबांनी विचारलं, तुला कुणी सांगितलं. समोर काकू होत्या, पाचसहा बायका होत्या आणि त्यात तानुबाई होती. बटणावर आबांचा हात होता.

“कुणी नाही,” मी म्हटलं. “तुम्ही आत्ता जे केलंत ना, तेच मी पेपरात लिहून आले होते. अगदी हेच. म्हणून मी नापास झाले. मला टायफॉइड झाला नव्हता.”

सुपं थांबली. आबांनी माझ्याकडे बघितलं आणि मग त्या सहांच्या रांगेकडे. त्यांच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती. मला वाटलं, आता हा माणूस हातातला पाना टाकून निघून जाईल आणि पुन्हा माझ्याशी बोलणार नाही.

काकूच आधी भानावर आल्या. “सुपं चालू ठेवा गं!” त्या खेकसल्या. मग मला म्हणाल्या, “मग बरोबर कसं असतं, ते तरी येतंय का तुला?”

माझ्या डोक्यात ती ओळ घुमायला लागली होती. एकसरला बेरीज, समांतरला उलट. कंडेन्सरला उलट. म्हणजे उलटाचं उलट? पुन्हा चुकलं तर? पेपरात चुकून आठ मार्क गेले होते, इथं आत जीव होते. मी ती ओळ डोक्यातून हाकलून दिली आणि समोरच्या डब्यांकडे बघितलं. पहिल्यांदाच मी घोकल्याशिवाय विचार करत होते.

“आबा, कंडेन्सर काय करतो? लाईटचा दाब मिळेल तेवढी वीज पोटात साठवतो आणि सोडतो. बरोबर?”

आबांनी मान हलवली.

“तुम्ही सगळ्यांना रांगेत लावलंत. म्हणजे दाब सहा जणांत वाटला गेला. प्रत्येकाच्या वाट्याला सहावा हिस्सा. प्रत्येकजण साठवणार तेवढंच. आणि मोटारीला मिळणार फक्त टोकाच्या एकाचं, कारण मधल्यांची वीज एकमेकांतच इकडची तिकडे होते. सहा लावून एकाच्या सहाव्या हिश्श्याचं काम! चौघं होते तेव्हा पाव होतं. म्हणून म्हटलं, तुम्ही दोन वाढवलेत आणि ताकद घटली.”

“आन शेजारी लावलं तर?” हे आबांनी विचारलं. आवाज अजून खालीच होता, पण त्यात राग नव्हता. कारागीर विचारतो तसं विचारलं.

“सगळ्यांच्या डाव्या तारा एकत्र, सगळ्यांच्या उजव्या तारा एकत्र. म्हणजे प्रत्येकाला पुरा दाब. प्रत्येकजण आपले अडीच पुरे देईल. चौघं मिळून दहा.”

आबा खाली बसले. त्यांनी रांग सोडवली, प्रत्येक कंडेन्सरवर पाना टेकवून चट् चट् चट् केलं आणि त्यातले चार माझ्यासमोर मांडले. मग पक्कड माझ्या हातात दिली.

“तूच जोड.”

मी चार तारा एका मुठीत घेऊन पिळल्या, त्यावर मोटारीची तार गुंडाळली. दुसऱ्या चार तशाच. आबांनी दोन्ही गाठींवर चिकटपट्टी गुंडाळली, एकदा, दोनदा, आणि ओढून बघितल्या. मोटारीवर हात ठेवून ती निवल्याची खात्री केली.

“दाब बटण,” ते मला म्हणाले.

मी दाबलं. पातं हललं. आधी सावकाश, मग भर्रकन, आणि मग ते दिसेनासं झालं. दारातून वारा आला आणि तानुबाईचा पदर उडाला. काकू मट्कन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. एवढ्या वेळात त्यांना रडायला सवडच झाली नव्हती.

मी दार मिटलं आणि थर्मामीटरला डोळे लावून बसले. एकशे तीन. बराच वेळ एकशे तीनच. मग एकशे दोन. एक वाजेपर्यंत काटा शंभराच्या आत आला आणि मी हीटर पुन्हा चालू केला. आबा पंख्याचा आवाज ऐकत उंबऱ्यावर बसून होते. तीनला पुतण्या सांगलीहून दहाचा कोरा कंडेन्सर घेऊन आला, तेव्हा आबांनी तो बघितला, पिशवीत टाकला आणि म्हणाले, “पिल्लं भायेर पडूस्तवर चालत्या मशीनला हात लावायचा न्हाई.” संध्याकाळी आम्ही दोघं घरी गेलो. वाटेत आणि जेवतानाही ते गप्पच होते. आई काय झालं म्हणून विचारत राहिली. मला वाटलं, पंखा फिरला पण बाप गेला हातचा.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून कवचं तडकायला लागली. दुपारपर्यंत ट्रे नुसते हलत होते. वरच्या ट्रेमधली शंभरेक अंडी गेली, ती मला आजही डोळ्यांसमोर दिसतात. बाकी साडेबाराशेच्या वर पिल्लं निघाली, ओली, वेडीवाकडी, आणि तासाभरात फुलून आलेली. अकरा वाड्यांच्या बायका टोपल्या घेऊन आल्या. आबा आपणहून आले होते. कुणी बोलावलं नव्हतं, काही बिघडलंही नव्हतं. ते पिल्लं मोजून टोपल्यांत ठेवायला लागले.

तानुबाईनं आपलं काम चोख केलेलं होतं. आलेल्या प्रत्येकीला कालचं ठाऊक होतं आणि प्रत्येकीचे डोळे माझ्यावरून आबांकडे आणि आबांकडून माझ्याकडे फिरत होते. पण विचारायची हिंमत एकटीनंच केली.

“आबा,” तानुबाई टोपली पुढं करत म्हणाली, “म्हंजी पोरीला त्यो टायफॉइड झालाच नव्हता की वो?”

मी मान खाली घातली. आबांच्या ओंजळीत दोन पिल्लं होती. ती त्यांनी सावकाश तानुबाईच्या टोपलीत सोडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“झालता की. पर तिला न्हाई, मला झालता. दोन म्हैनं अंगात मुरला व्हता. पोरीनं काल उतरवला.”